शीतपेय कंपनीचा पर्यावरण अहवाल कसा तपासावा

शीतपेयांच्या मोठ्या कंपन्या दरवर्षी पर्यावरणविषयक अहवाल प्रसिद्ध करतात. जेवढे पाणी वापरले तेवढे निसर्गाला परत दिले, बाटल्या पुनर्चक्रित प्लास्टिकच्या केल्या, कर्बउत्सर्जन घटवले, असे त्यांत सांगितलेले असते. असा अहवाल सरसकट खोटा मानणे चुकीचे आहे आणि तो जसाच्या तसा मान्य करणेही तितकेच चुकीचे आहे. ज्या तालुक्यात बाटलीबंद पेयांचा कारखाना आहे किंवा येऊ घातला आहे, तेथील ग्रामपंचायत सदस्य, स्थानिक पत्रकार, पाणलोट समितीचे कार्यकर्ते आणि पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी यांना हे दावे स्वतः तपासता यावेत, यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. उदाहरण म्हणून मुख्यतः कोका-कोला कंपनी घेतली आहे, कारण पाण्याबाबत तिने मोठा आणि बराच जुना सार्वजनिक दावा केला आहे आणि भारतातील तिच्या कारखान्यांचा इतिहासही नोंदलेला आहे. तपासणीची पद्धत मात्र बिअर, फळांचा रस किंवा बाटलीबंद पाणी विकणाऱ्या कोणत्याही कंपनीला लागू पडते.

सगळ्या तपासणीचा पाया एकच आहे. पाणी हे विशिष्ट जागेचे आणि विशिष्ट ऋतूचे असते. राजस्थानातील विहिरीतून उपसलेले पाणी ब्राझीलमधील जंगल राखून भरून निघत नाही. म्हणून कंपनीच्या जागतिक आकड्यापासून निघून आपल्या पाणलोटातील आकड्यापर्यंत पोहोचणे, हे तपासणाऱ्याचे खरे काम आहे.

अहवाल नेमका कोणाचा, हे आधी पाहावे

कोका-कोला कंपनी स्वतः प्रामुख्याने पेयाचा अर्क बनवून विकते. त्यात पाणी, साखर आणि वायू मिसळून बाटल्या भरण्याचे काम बहुतांशी वेगळ्या कंपन्या करतात. भारतात हिंदुस्तान कोका-कोला बेव्हरेजेस ही त्यांतील सर्वांत मोठी असून तिच्याशिवाय अनेक परवानाधारक बाटलीभरणी कंपन्या आहेत. त्यामुळे अहवालात एखादा आकडा दिसला की तो केवळ मूळ कंपनीचा आहे की बाटली भरणाऱ्यांसह सगळ्या यंत्रणेचा आहे, हे तळटिपांमधून शोधावे. पाण्याचा जवळजवळ सगळा वापर बाटलीभरणीच्या ठिकाणी होत असल्याने या एका तळटिपेने आकड्याचा अर्थ पूर्ण बदलू शकतो.

यातच एक व्यावहारिक मुद्दा आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार कंपन्यांना सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल देणे बंधनकारक आहे आणि त्यात भूजल, नदी-तलाव, बाहेरून विकत घेतलेले पाणी असा स्रोतनिहाय उपसा द्यावा लागतो. पेप्सीची पेये भरणारी वरुण बेव्हरेजेस ही नोंदलेली कंपनी असल्याने तिचा अहवाल सर्वांना खुला आहे. हिंदुस्तान कोका-कोला बेव्हरेजेस शेअर बाजारात नोंदलेली नाही, त्यामुळे हे बंधन तिला नाही. अशा वेळी सरकारी कार्यालयांतील कागदपत्रांकडे वळावे लागते. त्यांची माहिती शेवटच्या भागात दिली आहे.

एका लिटरमागे किती लिटर

एक लिटर पेय तयार करण्यासाठी कारखान्यात एकूण किती लिटर पाणी लागते, हे प्रमाण अहवालात पहिल्याच पानांवर असते. पेयात गेलेले पाणी आणि बाटल्या, टाक्या, नळ्या धुण्यासाठी, थंड करण्यासाठी व बाष्पकांसाठी (बॉयलरसाठी) लागलेले पाणी, असे दोन्ही त्यात धरलेले असते. कोका-कोलाच्या यंत्रणेत हे प्रमाण २००४ मध्ये २.७० लिटर होते आणि २०१५ मध्ये ते १.९८ लिटरवर आले. माझ्या मते ही खरी आणि कौतुकास पात्र सुधारणा आहे. धुण्याचे पाणी गाळून पुन्हा वापरणे, बाटल्या पाण्याऐवजी हवेच्या झोताने स्वच्छ करणे, गळती थांबवणे अशी चिकाटीची कामे केल्याशिवाय असा फरक पडत नाही.

मात्र प्रमाण घटले म्हणजे पाण्याचा एकूण वापर घटला असे नव्हे, आणि हे पडताळून पाहणे अवघड नाही. कंपनी आपली विक्री ‘युनिट केस’ या एककात सांगते. एक युनिट केस म्हणजे सुमारे ५.६८ लिटर पेय. २००४ मध्ये विक्री १९.८ अब्ज युनिट केस होती, तर २०१५ मध्ये २९.२ अब्ज. पहिल्या वर्षाचे पेय सुमारे ११२ अब्ज लिटर भरते. त्याला २.७० ने गुणले की पाण्याचा वापर ३०० अब्ज लिटरच्या थोडा वर जातो. दुसऱ्या वर्षाचे पेय सुमारे १६६ अब्ज लिटर असून १.९८ ने गुणल्यावर वापर ३२८ अब्ज लिटरच्या आसपास येतो. हा हिशेब ढोबळ आहे, तरी त्यातून दिशा स्पष्ट कळते. लिटरमागचा वापर चौथ्या हिश्श्याहून अधिक घटला, आणि तरीही एकूण पाणी वाढले, कारण विक्री त्याहून वेगाने वाढली. आपल्या भागातील कारखान्यालाही हाच गुणाकार लावावा. विस्तारानंतर लिटरमागचे प्रमाण किती होईल हे कंपनी सांगतेच. दिवसाला एकूण किती घनमीटर पाणी उचलले जाईल, हे मात्र आपण विचारून घ्यावे लागते. एक घनमीटर म्हणजे एक हजार लिटर, हे लक्षात ठेवले की सरकारी कागद वाचणे सोपे जाते.

‘परत दिले’ या दाव्याची फोड

२००७ मध्ये कोका-कोलाने बीजिंग येथे, जागतिक वन्यजीव निधीच्या साथीने, आपल्या पेयांमध्ये आणि उत्पादनात वापरलेल्या पाण्याएवढे पाणी निसर्गाला व लोकसमूहांना परत देण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. त्यासाठी २०२० ही मुदत ठेवली होती. ऑगस्ट २०१६ मध्ये कंपनीने हे उद्दिष्ट मुदतीपूर्वीच गाठल्याचे सांगितले. २०१५ या वर्षात सामुदायिक जलप्रकल्पांतून १९१.९ अब्ज लिटर पाणी परत दिले आणि हे पेयांत गेलेल्या पाण्याच्या ११५ टक्के आहे, असा तो दावा होता. त्याशिवाय कारखान्यांतील १४५.८ अब्ज लिटर सांडपाणी शुद्ध करून सोडल्याचेही कंपनीने जाहीर केले.

या दोन आकड्यांकडे बारकाईने पाहावे. १९१.९ अब्ज लिटर म्हणजे ११५ टक्के, तर शंभर टक्के म्हणजे सुमारे १६७ अब्ज लिटर. हे केवळ बाटलीत भरलेले पेय झाले आणि वर विक्रीवरून काढलेल्या आकड्याशी ते जुळतेही. म्हणजे ११५ टक्क्यांच्या तुलनेत धुण्याचे आणि थंड करण्याचे पाणी धरलेले नाही. ते सांडपाण्याच्या दुसऱ्या आकड्यात दाखवले आहे. सांडपाणी शुद्ध करून सोडणे चांगलेच आहे, पण भारतात ते कायद्याने बंधनकारक असून ते न करणाऱ्या कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून चालू राहण्याची संमतीच मिळू नये. त्यामुळे आपण वाचताना ‘कायद्याने करावेच लागते ते’ आणि ‘स्वेच्छेने अधिक केले ते’ असे दोन रकाने आखावेत आणि अहवालातील प्रत्येक आकडा त्यांपैकी एका रकान्यात लिहावा. उपयोगाचे वर्गीकरण यातूनच हाती येते.

तिसरा रकाना शेतीतील पाण्याचा आखावा, कारण ११५ टक्क्यांच्या दाव्यात ते पाणी नाही. द नेचर कन्झर्व्हन्सी या संस्थेबरोबर कोका-कोलाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नेदरलँड्समधील डोंगेन येथील कारखान्यात भरलेल्या अर्ध्या लिटर कोका-कोलाचा जलठसा, म्हणजे शेतापासून बाटलीपर्यंत त्यामागे लागलेले एकूण पाणी, ३५ लिटर निघाला होता. त्यात कारखान्याच्या आतील पाण्याचा वाटा अगदी अल्प होता. बहुतांश पाणी बीटापासून साखर करण्यासाठी घेतलेल्या पिकाचे होते. भारतात ती साखर उसाची असते. कृषी मूल्य आयोगाच्या अहवालांनुसार महाराष्ट्रात एक किलो साखरेसाठी सुमारे दोन हजार लिटर सिंचनाचे पाणी लागते, तर उत्तर प्रदेशात त्याच्या जवळपास निम्मे. साध्या कोलाच्या बाटलीवरील पोषणमूल्यांचा तक्ता पाहिला तर १०० मिलिलीटरमागे १० ग्रॅमहून अधिक साखर आढळते, म्हणजे लिटरमागे किमान १०० ग्रॅम. ही साखर महाराष्ट्रातील उसाची असेल तर त्या एका लिटर पेयामागे सिंचनाचे सुमारे २०० लिटर पाणी उभे राहते आणि त्यापुढे कारखान्यातले दोन लिटर फारच छोटे दिसतात. म्हणून साखर कोणत्या राज्यातून, कोणत्या कारखान्यांकडून घेतली आणि त्यांपैकी किती ऊस ठिबकवर आहे, हे प्रश्न कंपनीला लेखी विचारावेत. अहवालात ‘शाश्वत स्रोतांतून घेतलेली साखर’ असा शब्दप्रयोग असल्यास तो कोणत्या प्रमाणपत्राच्या आधारे केला आहे आणि त्यात सिंचनाची अट आहे का, हे पाहावे.

जागेचा प्रश्न: प्लाचीमाडा आणि काला डेरा

जागतिक गोळाबेरीज जुळत असतानाही एखाद्या गावाचे पाणी जाऊ शकते, हे भारतातील दोन ठिकाणांनी दाखवून दिले आहे.

केरळच्या पालक्काड जिल्ह्यातील प्लाचीमाडा येथे २००० मध्ये कोका-कोलाचा कारखाना सुरू झाला. दोन वर्षांतच आसपासच्या विहिरींचे पाणी खालावले आणि पिण्यायोग्य राहिले नाही, अशी तक्रार करत एप्रिल २००२ मध्ये आदिवासी महिलांच्या पुढाकाराने आंदोलन उभे राहिले. मयिलम्मा हे त्यातील सर्वांत ठळक नाव. पेरुमाट्टी ग्रामपंचायतीने २००३ मध्ये परवान्याचे नूतनीकरण नाकारले. डिसेंबर २००३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने भूजल ही सार्वजनिक संपत्ती असून राज्य तिचे विश्वस्त आहे, असा निर्णय दिला. एप्रिल २००५ मध्ये खंडपीठाने मात्र कारखान्याला दिवसाला पाच लाख लिटरपर्यंत उपशाची मुभा दिली. पाणी घटण्यास अपुरा पाऊस कारणीभूत असल्याची बाजू कंपनीने मांडली होती. मार्च २००४ मध्ये बंद पडलेला तो कारखाना पुन्हा सुरू झाला नाही आणि २०१० मध्ये राज्य सरकारच्या उच्चाधिकार समितीने नुकसानीचा अंदाज २१६ कोटी रुपयांहून अधिक काढला.

याच कारखान्यातील गाळ शेतकऱ्यांना खत म्हणून दिला जात होता. बीबीसीच्या २००३ मधील चौकशीत त्या गाळात कॅडमियम आणि शिसे आढळले. त्यामुळे अहवालात ‘कचऱ्याचा उपयुक्त पुनर्वापर’ असे शीर्षक दिसले की तो कचरा नेमका कोणता, तो कोणाच्या शेतात गेला आणि त्याची तपासणी कोणत्या प्रयोगशाळेत झाली, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

राजस्थानात जयपूर जिल्ह्यातील काला डेरा येथील कारखाना त्याच सुमारास सुरू झाला, तोही भूजलाचा अतिउपसा आधीच नोंदला गेलेल्या क्षेत्रात. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात विद्यार्थ्यांनी दबाव आणल्यावर विद्यापीठाने काही काळ कंपनीची उत्पादने घेणे थांबवले आणि त्यातून भारतातील सहा कारखान्यांची स्वतंत्र तपासणी ‘टेरी’ (द एनर्जी अँड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट) या दिल्लीतील संशोधन संस्थेकडे सोपवली गेली. जानेवारी २००८ मध्ये आलेल्या त्या अहवालात काला डेरासाठी पाणी दुसऱ्या, ताण नसलेल्या भूजलक्षेत्रातून आणणे, टंचाई नसताना साठवून ठेवणे, कारखाना हलवणे किंवा तो बंद करणे, असे पर्याय मांडले होते. तेथील उत्पादन अखेर २०१६ मध्ये थांबले. त्या सहा कारखान्यांत पुण्याजवळच्या पिरंगुटचा कारखानाही होता, त्यामुळे महाराष्ट्रातील वाचकांनी तो अहवाल अवश्य वाचावा. कारखान्याच्या आतील व्यवस्था आणि बाहेरील पाणलोटाची स्थिती या दोन वेगळ्या गोष्टी कशा तपासतात, याचा तो चांगला नमुना आहे.

आपल्या भागासाठी पहिली पायरी अशी की कारखाना ज्या पाणलोट क्षेत्रात आहे त्याचा वर्ग भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातून माहीत करून घ्यावा. दरवर्षी जमिनीत मुरणाऱ्या उपलब्ध भूजलाच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर क्षेत्र सुरक्षित मानले जाते, ७० ते ९० टक्के असेल तर अंशतः शोषित, ९० ते १०० टक्के असेल तर शोषित आणि त्यापुढे अतिशोषित. सुरक्षित क्षेत्रातील कारखान्याविषयी आणि अतिशोषित क्षेत्रातील कारखान्याविषयी एकाच सुरात बोलणे अन्यायाचे ठरते. कोका-कोलानेच डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या नव्या उद्दिष्टांत, जास्त जोखमीच्या दोनशेहून अधिक ठिकाणी त्या-त्या जागीच वापराएवढे पाणी २०३५ पर्यंत परत देण्याचे म्हटले आहे. ही भाषा जुन्या जागतिक गोळाबेरजेपेक्षा निश्चितच अधिक योग्य आहे. आपला कारखाना त्या दोनशेच्या यादीत आहे का, हा प्रश्न कंपनीला विचारण्याचा हक्क आता नागरिकांकडे आला आहे.

बंधारा पाहायला जाताना

अहवालातील बहुतेक ‘परत दिलेले’ पाणी बंधारे, तळी, गाळ काढणे, ठिबक सिंचन आणि पिण्याच्या पाण्याच्या योजना यांतून मोजलेले असते. हे काम प्रत्यक्ष जाऊन पाहण्याला पर्याय नाही, आणि त्यासाठी अभियंता असण्याचीही गरज नाही.

प्रथम बंधारा आणि कारखान्याची विहीर एकाच पाणलोटात आहेत का, हे नकाशावर पाहावे. महाराष्ट्राच्या बहुतेक भागाखाली बेसाल्टचा काळा पाषाण आहे. त्यात पाणी फटींमध्ये आणि झिजलेल्या थरात साठते आणि सहसा त्याच छोट्या पाणलोटात, उताराच्या खालच्या बाजूला उमटते. डोंगराच्या पलीकडच्या ओढ्यावर बांधलेला बंधारा कितीही चांगला असला तरी अलीकडच्या विहिरीला त्याचा उपयोग नाही. ती ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशी स्थिती होते.

नंतर साठा मोजावा. बंधाऱ्यामागे पाणी किती लांबपर्यंत पसरते, सरासरी रुंदी किती आणि सरासरी खोली किती, हे पावलांनी आणि काठीने मोजले तरी पुरेसा अंदाज येतो. समजा, लांबी २०० मीटर, रुंदी १५ मीटर आणि सरासरी खोली एक मीटर निघाली, तर साठा ३,००० घनमीटर, म्हणजे ३० लाख लिटर झाला. केरळच्या खंडपीठाने दिलेल्या पाच लाख लिटरच्या दैनंदिन मर्यादेशी तुलना केली तर हा साठा कारखान्याच्या सहा दिवसांच्या गरजेएवढा आहे. तो पावसाळ्यात तीनदा भरला आणि बाष्पीभवन अजिबात झाले नाही असे मानले, तरी अठरा दिवस होतात. कंपनी आपल्या हिशेबात बंधारा वर्षातून किती वेळा भरतो असे धरते, बाष्पीभवन किती वजा करते आणि सरकारी योजनेचा किंवा लोकवर्गणीचा वाटा असल्यास ते पाणी कोणाच्या खात्यात लिहिते, हे तीन प्रश्न येथे विचारावेत.

बंधाऱ्याचे आजचे रूपही पाहावे. तळाशी गाळ किती साचला आहे, कोल्हापूर पद्धतीचा असल्यास बरगे (पाणी अडवण्यासाठी बसवायच्या फळ्या) जागेवर आहेत का आणि ते पावसाळा संपता संपता कोण बसवते, भिंतीच्या बाजूने पाणी वाट काढून जाते का, ही निरीक्षणे टिपून ठेवावीत. दहा वर्षांपूर्वी बांधलेला आणि आज निम्मा गाळाने भरलेला बंधारा अहवालात मूळ क्षमतेनेच मोजला जात असेल तर तो आकडा दुरुस्त व्हायला हवा. खालच्या बाजूच्या शेतकऱ्यांना विहिरीचे पाणी पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत पुरत होते आणि आता कोणत्या महिन्यापर्यंत पुरते, असे विचारावे. त्याचबरोबर त्या काळात पीक कोणते बदलले, हेही विचारावे, कारण मुरलेल्या पाण्यावर नवा ऊस किंवा केळी उभी राहिली असेल तर बंधारा उपयोगी ठरूनही भूजलात वाढ झालेली दिसणार नाही. भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. कारखाना सुरू होण्याच्या आधीची आणि नंतरची मे महिन्याची पातळी शेजारी शेजारी मांडून, त्याच वर्षांचा पाऊसही त्यापुढे लिहावा. पावसाचा रकाना सोडून केलेली तुलना कोणत्याही बाजूने दिशाभूल करू शकते.

ऋतूचा मुद्दाही यातच येतो. वर्षाची सरासरी समाधानकारक असली तरी एप्रिल-मे मध्ये गावाला टँकर लागत असताना कारखाना पूर्ण क्षमतेने उपसा करत असेल तर तो प्रश्न वेगळा असतो. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्यउद्योगांच्या पाण्यात आधी ५० आणि मग ६० टक्के कपात करण्याचा आदेश दिला होता, हे येथे आठवावे. न्यायालयाने सांगण्याची वाट न पाहता टंचाईच्या महिन्यांत उत्पादन किती कमी करायचे, याचा लिखित आराखडा कंपनीकडे आहे का, हे विचारणे रास्त आहे.

प्रत्येक ठिकाणी टंचाई हाच प्रश्न असतो असेही नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम येथे हिंदुस्तान कोका-कोला बेव्हरेजेसच्या नव्या कारखान्याचे भूमिपूजन नोव्हेंबर २०२३ मध्ये झाले. कोकणात पाऊस भरपूर आहे, शिवाय लोट्याला रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. तेथे उपशाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक लक्ष सांडपाणी कोठे जाते याकडे द्यावे लागेल.

बाटली

प्लास्टिकबाबत सर्वांत आधी जुने अहवाल काढून नव्याशेजारी ठेवावेत. २०१८ मध्ये कोका-कोलाने, विकलेल्या प्रत्येक बाटली वा डब्यामागे एक बाटली वा डबा २०३० पर्यंत गोळा करण्याचे आणि वेष्टनात किमान ५० टक्के पुनर्चक्रित घटक वापरण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये २५ टक्के पेये पुन्हा भरता येणाऱ्या बाटल्यांतून विकण्याचे उद्दिष्टही त्यात जोडले. डिसेंबर २०२४ मध्ये ही उद्दिष्टे बदलली. आता ७० ते ७५ टक्के बाटल्या-डबे गोळा करणे आणि ३५ ते ४० टक्के पुनर्चक्रित घटक वापरणे असे लक्ष्य आहे, मुदत २०३५ आहे आणि पुन्हा भरण्याच्या बाटल्यांचे उद्दिष्ट राहिलेले नाही. मला हे शेवटचे सर्वांत खेदाचे वाटते. दुकानात रिकामी काचेची बाटली परत देऊन भरलेली घेण्याची पद्धत आपल्याकडे अनेक दशके चालत आलेली आहे आणि ती मोडू न देणे हे नवे काही उभारण्यापेक्षा सोपे होते.

‘पुनर्चक्रण करण्याजोगी’, ‘गोळा केलेली’ आणि ‘पुनर्चक्रित’ या तीन अवस्था एकमेकींपासून काटेकोरपणे वेगळ्या वाचाव्यात. पेट (पीईटी) या प्लास्टिकची बाटली तत्त्वतः पुनर्चक्रण करण्याजोगी असतेच. कचरावेचकांनी ती उचलली तर गोळा होते. आणि ती फोडून, धुऊन तिच्यापासून पुन्हा बाटली झाली तरच वर्तुळ पूर्ण होते. बरेचसे पेट धाग्यासाठी जाते आणि त्या कापडाचे पुढे काही होत नाही. ‘शंभर टक्के पुनर्चक्रित’ या शब्दांतही झाकण आणि लेबल धरलेले नसते. युरोपातील ग्राहक संघटनांनी यावर २०२३ मध्ये तक्रार केली आणि मे २०२५ मध्ये कोका-कोलाने तेथे अशी विधाने बदलण्याचे मान्य केले. भारतातही २०२३ पासून अशा बाटल्या आल्या आहेत, तेव्हा लेबलवरचा बारीक मजकूर वाचावा.

भारतात प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांच्या २०२२ मधील दुरुस्तीने कडक प्लास्टिकच्या वेष्टनांसाठी पुनर्चक्रित घटकाचे टप्पे ठरवले आहेत. ते २०२५-२६ मध्ये ३० टक्क्यांपासून सुरू होऊन २०२८-२९ मध्ये ६० टक्क्यांवर जातात. त्यामुळे कंपनीचे जागतिक लक्ष्य आणि येथील कायदेशीर बंधन यांची तुलना करावी. स्वेच्छेच्या रकान्यात काय उरते ते मग स्पष्ट होते.

शीतकपाटांविषयी थोडक्यात सांगता येईल. दुकानातील कंपनीच्या फ्रिजच्या मागील किंवा आतील बाजूस माहितीची पट्टी असते आणि थंड करणाऱ्या वायूचे नाव तिच्यावर असते. तिच्यावर आर-१३४ए लिहिले असेल तर तो वायू कर्बवायूपेक्षा हजार पटींहून अधिक तापमानवाढ करणारा आहे. आर-२९०, आर-६००ए किंवा आर-७४४ लिहिले असेल तर कंपनीने आश्वासन दिलेला बदल त्या फ्रिजपुरता झालेला आहे. बाजारपेठेतील दहा-बारा दुकाने पाहिली की अहवालातील विधान आपल्या गावात किती उतरले आहे, हे कळते.

कागद कोठून मिळवावेत

खासगी कंपनीला माहितीचा अधिकार थेट लागू होत नाही. पण कंपनीने सरकारी कार्यालयांना दिलेली कागदपत्रे त्या कार्यालयांकडून मागता येतात. यांत सर्वांत मोलाचा कागद म्हणजे पर्यावरण विवरणपत्र, अर्थात नमुना पाच. पर्यावरण संरक्षण नियमांनुसार संमती घ्यावी लागणाऱ्या प्रत्येक उद्योगाने ते दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचे असते आणि त्यात प्रक्रिया, शीतकरण व घरगुती वापर अशी पाण्याची विभागणी, तसेच उत्पादनाच्या एककामागे किती पाणी लागले, हे लिहिलेले असते. म्हणजे जागतिक अहवालात जे प्रमाण सरासरीने दिलेले असते, ते आपल्या कारखान्यासाठी येथे स्वतंत्र मिळते. त्याच कार्यालयाकडून संमतिपत्राची प्रत घ्यावी. रोज किती सांडपाणी, कोणत्या दर्जाचे आणि कोठे सोडण्यास परवानगी आहे, हे त्यात असते. भूजल वापरणाऱ्या कारखान्याचे ना-हरकत प्रमाणपत्र, उपशाच्या मीटरच्या नोंदी आणि पाण्याचे लेखापरीक्षण हे कागद त्यानंतर मागावेत; दिवसाला १०० घनमीटरहून अधिक भूजल उपसणाऱ्या उद्योगांना केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असे लेखापरीक्षण करावे लागते. पाणी औद्योगिक वसाहतीच्या नळाचे असेल तर औद्योगिक विकास महामंडळाच्या विभागीय कार्यालयातून मागील तीन वर्षांची महिनावार बिले मागावीत. एप्रिल-मे चा वापर त्यांतच दिसतो.

महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा अर्ज सर्वसाधारणपणे १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. म्हणून संमतिपत्र, नमुना पाच आणि पाण्याची बिले यांसाठी स्वतंत्र अर्ज करावेत, प्रत्येकावर दहा रुपयांचा न्यायालयीन शुल्क मुद्रांक लावावा आणि अर्जात ‘सविस्तर माहिती द्यावी’ असे मोघम न लिहिता कारखान्याचे पूर्ण नाव, पत्ता, कागदाचे नाव आणि वर्षे लिहावीत. मते किंवा स्पष्टीकरणे मागू नयेत, केवळ प्रती मागाव्यात. जन माहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते. त्रयस्थ पक्षाची माहिती असल्याचे कारण देऊन नकार आला, किंवा मुदतीत काहीच आले नाही, तर त्यानंतरच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातील अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील करावे. सांडपाणी आणि भूजल यांचा थेट संबंध सार्वजनिक आरोग्याशी असल्याने व्यापक जनहिताचा मुद्दा अपिलात स्पष्ट शब्दांत लिहावा, आणि संमतिपत्रे मंडळाच्या संकेतस्थळावरही प्रसिद्ध होत असल्याने अपिलाचा निकाल येईपर्यंत तेथील प्रत उतरवून घेऊन पुढचे काम सुरू ठेवावे.